पायाखालचा विस्तव

यंदाच्या अंकाचा विषय ‘ऊब’ असा ठरला असून त्यावर आपण काही लिहावे, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा गोधडीवर लिहावे की शेकोटीवर, याच विचारात मी होतो, परंतु त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचा दक्षिण कोरियातील सुवोन शहरातून दूरध्वनी आला आणि बाळबाळंतिणीचे कुशल सांगून झाल्यावर, शेजारच्या आळीतली बातमी द्यावी अशा स्वरात ती म्हणाली, “अरे, इथे भुईच तापवतात. चूल नाही, शेगडी नाही, धूर नाही. आणि पाय टेकवला की नुकत्याच उतरवलेल्या तव्याखालच्या ओट्यासारखं लागतं. तू येऊन बघच.” ताई लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेली होती, जावईबापू तिथल्या एका कारखान्यात अभियंता आहेत, आणि मला एरवी कोणी परदेशी बोलावीत नाही; तेव्हा गोधडी व शेकोटी यांची रजा घेऊन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे पोचलो.

बाहेर पारा शून्याखाली नऊ अंश होता. चौदाव्या मजल्यावरचे दार उघडले, तर आत चार बोटे खोल अशी एक चौकोनी जागा, आणि तिच्यापुढे घर. जोडे त्या खोलगट जागेतच काढायचे, ही तिथली सक्त वहिवाट असून तिला धर्माचे नव्हे, उष्णतेचे कारण अधिक आहे असे मला पुढे दिसले. कारण तिच्या कडेपासून घराची तापलेली भूमी सुरू होते, आणि तापल्या भूमीवर माणसे चालतात त्यापेक्षा बसतात, लोळतात आणि निजतात अधिक. मी मोजे काढून पाऊल टाकले. तव्याची उपमा ताईच्या स्वभावाला शोभणारी, म्हणजे थोडी चढलेलीच होती. चटका तर नव्हताच. उन्हात पडलेल्या अंगणात सूर्य कलल्यावर अनवाणी गेलो तर तळव्यांना जे लागते, ते तेथे लागत होते, आणि खोलीत ती ऊब येते कोठून हे सांगणारी एकही वस्तू दृष्टीस पडत नव्हती.

भिंतीवर फक्त हातभर उंचीवर एक लहानशी पट्टी होती व तिच्यावर काही कळी. त्यांतील एकीवर ‘वेचुल’, म्हणजे ‘बाहेर जात आहे’, असे लिहिले होते. “मामा, ही पूर्ण बंद कधी करायची नाही,” भाची म्हणाली, “पहिल्या वर्षी आम्ही काटकसर म्हणून रोज सकाळी बंद करून जात होतो आणि रात्री येऊन कुडकुडत बसत होतो. इथे जाताना ‘वेचुल’ दाबायचं. म्हणजे भुई अगदी विसरत नाही.”

हवा आणि भिंती

माणसाला थंडी वाजते ती भोवतालची हवा थंड असते म्हणून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. शेकोटीपाशी बसलेल्या माणसाचे तोंड भाजते आणि पाठ गारठते, तेव्हा त्याच्या पुढची हवा आणि मागची हवा यांत फारसे अंतर नसते. अंतर असते ते समोर काय आहे आणि मागे काय आहे यात. आपले शरीर भोवतालच्या प्रत्येक पृष्ठभागाशी, मध्ये हवा असो वा नसो, प्रारणाच्या मार्गाने उष्णतेची अखंड देवघेव करीत असते. शांतपणे बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि बंद खोलीत तिच्यातील निम्म्याच्या आसपास भाग याच मार्गाने भिंती, छत आणि जमीन यांच्याकडे जातो. भोवतालचे हे पृष्ठभाग थंड असतील तर खोलीतली हवा कितीही तापवली तरी आत कुठेतरी हुडहुडी राहतेच. आणि ते उबदार असतील तर हवा दोन अंश कमी असली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

भूमी तापविण्याच्या पद्धतीचे सारे इंगित यात आहे. हवा तापविणारे यंत्र खोलीच्या एका कोपऱ्यात फार तापते, तापलेली हवा हलकी होऊन छताला जाऊन बसते, आणि घरातली माणसे, जी छताला बसत नाहीत, ती खालच्या गार थरात राहतात. उलट भूमी हा खोलीतील सर्वांत मोठा मोकळा पृष्ठभाग. तो फार तापण्याची गरजच नसते. चालण्या-उभे राहण्याच्या जागी जमिनीचे तापमान २९ अंशांच्या वर जाऊ नये, असा युरोपातील मानकांचा दंडक आहे, आणि खोली २० अंशांवर असता २९ अंशांची एक चौरस मीटर भूमी सुमारे शंभर वॅट उष्णता देते, म्हणजे बसलेला माणूस जितकी गमावतो जवळजवळ तितकीच. आपल्या त्वचेचे तापमान याहून तीनचार अंश अधिक असल्यामुळे अशा भूमीला तळहात लावला तर ती ‘गरम’ अशी लागत नाही. ती गार लागत नाही, इतकेच. कोरियन माणसाचे मात्र एवढ्यावर समाधान होत नाही. त्याला पाठ शेकलेली हवी असते, आणि मानकाची मर्यादा तो घरच्या घरी खुशाल ओलांडतो.

काँक्रीट हे या सगळ्या व्यवहाराचे कोठार. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या एका चौरस मीटरचे वजन २४० किलो भरते, आणि ते दहा अंशांनी तापवायचे म्हटले तर शंभर वॅटच्या हिशेबाने सहा तास लागतात. तितकाच काळ, आग विझल्यावरही, ते ही ठेव सावकाश परत करीत राहते. म्हणून अशा घरात उष्णतेची तजवीज आज संध्याकाळची नव्हे, उद्या सकाळची करावी लागते. कोरियातील घरांत नळ्यांवरचा थर सुमारे चार सेंटिमीटरचाच असतो व त्यामुळे तेथील भुई दोन तासांत वळणावर येते. परंतु तीही हाक मारताच धावणारी नाही. घाईच्या माणसाने या पद्धतीच्या वाटेस जाऊ नये. याच मंदपणाचा एक लाभ असा की फार ऊन पाण्याची गरज पडत नाही: भिंतीवरच्या लोखंडी तापकांना साठ ते ऐंशी अंशांचे पाणी लागे, येथे पस्तीस ते पंचेचाळीस पुरते, म्हणजे आपण अंघोळीला घेतो त्याच तोलाचे.

धुराची आडवी वाट

सुवोनजवळच योंगिन येथे १९७४ साली वसविलेले एक लोकग्राम असून तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुन्या पद्धतीची घरे उभी आहेत. थंडीत त्यांतील काही चुलींना खरोखरीच जाळ घालतात. तेव्हा ताईला व मला जावईबापूंनी एका रविवारी तेथे नेले. स्वयंपाकघर खोलीहून कमरेइतके खाली, त्याच्या भिंतीत चुलीचे तोंड, ज्याला ‘आगुंगी’ म्हणतात. त्यावर भाताचे हंडे. आपल्याकडे चुलीचा धूर वर जातो, आढ्याला काजळी धरतो आणि गृहिणीचे डोळे घेतो. येथे तो वर जाऊ दिलेलाच नाही. चुलीच्या पाठीमागून तो आडवा वळतो, खोलीच्या जमिनीखाली खोदलेल्या समांतर चरांतून सरपटत पलीकडच्या टोकाला जातो, आणि अंगची सगळी उष्णता वाटेत देऊन मग घराबाहेर उभ्या केलेल्या धुराड्याने बाहेर पडतो. एकच लाकूड भात शिजविते आणि रात्र काढते. हे ‘ओन्दोल’, २०१८ साली कोरियाने या संपूर्ण रिवाजाला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

चरांवर सपाट दगड, दगडांवर चिखलाचा गिलावा, आणि गिलाव्यावर तेल पाजलेल्या जाड कागदाची पिवळसर चकचकीत भूमी. चुलीजवळचे दगड मुद्दाम जाड व दूरचे पातळ घालतात, की जवळच्यांनी उशिरा तापावे आणि दूरच्यांनी थोडक्यात तापावे. तरीही समता साधत नाहीच. चुलीकडच्या टोकाला ‘आरेन्मोक’ म्हणतात, दूरच्याला ‘विन्मोक’, आणि घरातील मानपान या दोन टोकांमध्ये मांडलेला असे: आरेन्मोक आजोबांचे आणि पाहुण्यांचे, विन्मोक धाकट्यांचे. आरेन्मोकावरचा कागद वर्षानुवर्षांच्या शेकाने करपून तपकिरी होतो. उशिरा घरी येणाऱ्या माणसाच्या भाताचे भांडे झाकण घालून याच जागी पांघरुणाखाली ठेवीत, हे ऐकल्यावर ताई एकदम घरच्यासारखी झाली.

तिचे खरे कुतूहल निराळे होते. तिने पुण्याहून येताना ओवा, शेपा आणि बाळंतशोपा यांच्या पुरचुंड्या आणल्या होत्या, कारण बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून त्यावर धुरी द्यायची, हा आपला शिरस्ता. आणि चौदाव्या मजल्यावर निखारे पेटविण्यास अर्थातच परवानगी नव्हती, छतावरच्या यंत्राने क्षणात बोंब ठोकली असती. पण कोरियातही बाळंतिणीला तापल्या भुईवर निजवून तिचे अंग वाऱ्यापासून जपण्याची चाल जुनी आहे, असे शेजारणीने सांगितले तेव्हा तिच्या मनावरचे ओझे उतरले. खाटेखालची शेगडी आणि खोलीखालची चूल यांत अंतर एवढेच, की आपण खाटेपुरते शेकले आणि त्यांनी अख्खे घर. आपल्या देशात त्यांच्या जवळपास कोणी गेले असेल तर ते काश्मीरचे लोक, ज्यांच्या मशिदींतून आणि काही घरांतून पोकळीवर दगडी फरशा बसवून खाली लाकडे जाळतात आणि त्या खोलीला हमाम म्हणतात. रोमन लोकांच्या स्नानगृहांतही विटांच्या बुटक्या खांबांवर भूमी अधांतरी ठेवलेली असे. तिच्या खालचा तळ भट्टीकडे इतका उतरता असावा की आत टाकलेला चेंडू थांबू न शकता आपोआप भट्टीच्या तोंडाशी परत यावा, अशी सूचना रोमन वास्तुशिल्पी व्हित्रुव्हियसने करून ठेवली आहे. स्थापत्यावरील ग्रंथात चेंडू सापडला की मला फार बरे वाटते.

परंतु ओन्दोलची एक काळी बाजूही आहे. जंगले उघडी पडली आणि शहरांत लाकडाऐवजी ‘यॉन्थान’, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या भोके पाडलेल्या दंडगोल वड्या, आल्या. वडी रात्रभर जळे, स्वस्त पडे. पण भुईला एखादी बारीक भेग असली की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा निर्गंध वायू निजलेल्या माणसांच्या उशाशी येई. कितीएक कुटुंबे अशी झोपेतच गेली. जे उठत, त्यांना मुळ्याच्या लोणच्याचे आंबट पाणी पाजीत. उपाय निरुपयोगी होता, पण हाताशी दुसरे काही नव्हते. त्या भुईत धुराच्या जागी पाणी आले, आणि १९८६ पासून द्रवरूप नैसर्गिक वायू देशात येऊ लागल्यावर ते तापविण्याची चूल घराबाहेरच्या सज्जात गेली, तेव्हा कोठे हा मामला मिटला.

तोक्योतील एक जेवण

भुईत पाणी घालण्याची ही बुद्धी कोरियाला घरची घरी झाली असे मात्र म्हणता येत नाही. ती एक मोठी प्रदक्षिणा घालून आली. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट तोक्योत इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी गेले असता, त्यांनीच लिहून ठेवल्याप्रमाणे १९१४च्या हिवाळ्यात, ओकुरा या धनाढ्य उमरावाकडे जेवावयास गेले. जेवणाच्या दालनात एवढा कडाका की घास गिळणे कठीण. जेवणानंतर यजमानांनी पाहुण्यांना ‘कोरियन खोली’त नेले, आणि राइट यांना वाटले की ऋतूच पालटला. खोलीत शेगडी दिसेना, तेव्हा त्यांनी चौकशी केली व जमिनीखालच्या धुराची हकिकत त्यांना कळली. मग हॉटेलच्या न्हाणीघरांच्या जमिनीखाली त्यांनी विजेचे तापक घातले.

पुढे विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे पत्रकार हर्बर्ट जेकब्स व त्यांच्या पत्नी कॅथरिन यांनी राइट यांच्याकडे स्वस्त घराची मागणी केली. १९३७ साली पुरे झालेल्या त्या घराला वास्तुशिल्पीच्या ४५० डॉलरांसह सारा खर्च ५,५०० डॉलर आला. तापक नाहीत. काँक्रीटच्या तांबड्या लादीखाली खडी-वाळूच्या अंथरणात लोखंडी नळ्या. राइट याला ‘गुरुत्वाकर्षणी उष्णता’ म्हणत, कारण उष्णता वर चढते. थोर माणसांच्या शास्त्रीय चुका कोणी काढीत नाही म्हणून मीच काढतो: वर चढते ती तापलेली हवा, प्रारण आणि लादीतून होणारे उष्णतेचे वहन ही वर, खाली, आडवी, सर्वत्र सारखीच जातात, आणि म्हणूनच या भुईच्या खाली उष्णतारोधक थर घातला नाही तर घराबरोबर पृथ्वीही तापवीत बसावे लागते. घर मात्र सुंदर आहे, आणि २०१९ साली युनेस्कोने राइट यांच्या ज्या आठ वास्तू जागतिक वारशात घेतल्या त्यांत ते आहे.

कल्पना श्रीमंताच्या खोलीतून गरिबाच्या घरात आणण्याचे श्रेय राइट यांचे, तर ती घाऊक विकण्याचे लेव्हिट या बांधकाम-व्यावसायिकांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या शिपायांसाठी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात त्यांनी सतरा हजारांवर घरे उठविली. सर्व सपाट लादीवर, आणि लादीतच तांब्याच्या नळ्यांची वेटोळी. स्वस्त, झटपट, उबदार. पण जमीन खचते, लादीला तडा जातो, आणि तांबे तापल्यावर काँक्रीटपेक्षा अधिक लांबते. काही दशकांत जागोजाग नळ्या झिरपू लागल्या, आणि लादी फोडण्यापेक्षा पुष्कळांनी ती वेटोळी आहेत तशी पुरून ठेवून भिंतीच्या पायथ्याशी नवे तापक बसविले. त्या घरांच्या भुईत ते तांबे आजही मुकाट पडून आहे. या पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले ते प्लॅस्टिकमुळे: जर्मनीत थॉमस एंगेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएथिलीनच्या लांब रेणुसाखळ्या एकमेकींशी आडव्या जोडण्याची रीत काढली, स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात तिच्या नळ्या बनू लागल्या, आणि गंजणे व चिरणे या दोन्ही भयांतून भुई एकदम मोकळी झाली. नळी अखंड शंभर मीटरांची मिळते. जमिनीत पुरलेल्या भागात एकही सांधा ठेवावा लागत नाही.

ओतण्याचा दिवस

मला हे सारे उघडे असताना पाहायचे होते, म्हणून जावईबापूंनी शहराबाहेर चाललेल्या एका घराच्या बांधकामावर ओळख काढली. त्या दिवशी ‘बांगथोंग’ होते. आपल्याकडे स्लॅब टाकण्याच्या दिवसाला जे महत्त्व, ते तेथे भुईचा शेवटचा थर ओतण्याच्या या दिवसाला. खिडक्यांना प्लॅस्टिकचे पडदे ठोकून आत भट्टी लावली होती, कारण ओला थर एका रात्री गोठला तर पुढचे सगळे फुकट.

स्लॅबवर आधी रोधक पट्ट्या, त्यावर फेसाळ हलक्या काँक्रीटचा थर, त्यावर तारेची जाळी, आणि जाळीला बांधलेल्या बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या, एकमेकींपासून वीतभर अंतराने, शेतात नांगराचे तास पडावेत तशा वळत वळत गेलेल्या. थंडी खिडकीकडून येते म्हणून तिथे त्या थोड्या जवळ घेतल्या होत्या. प्रत्येक खोलीचे वेटोळे स्वतंत्र, आणि सगळ्यांची टोके स्वयंपाकघरात मोरीच्या खालच्या कपाटात, पितळी वाटपखांबावर एकत्र आलेली. पाटाचे पाणी वाटणारा पाटकरी ज्या युक्तीने एक दार उघडतो व दुसरे बुजवितो, तीच युक्ती इथे चाव्यांनी. भिंतीच्या कडेने मऊ पट्टी लावली होती, कारण तापलेला थर फुगतो व त्याला हातपाय पसरायला जागा लागते. नळ्यांत पाणी भरून ते दाबाखाली ठेवले होते व दाबमापकाच्या काट्यावर मुकादमाची नजर खिळली होती. ओतताना कोणाचे फावडे लागून नळी चिरलीच तर काटा तत्काळ पडावा आणि गिलावा ओला आहे तोवरच जखम सापडावी.

मग जाड रबरी नळातून मालाचा लोट आला. चार माणसांनी तो पसरला, पाणसळीने समतल केला, आणि मग कोणी काहीच केले नाही. तासाभराने एकजण वाकला, बोटाने दाबून पाहिले व पुन्हा उठला. अंधार पडता पडता थर पायाखाली धरू लागला, तेव्हा ते पायांना सपाट फळ्या बांधून आत शिरले आणि मागे सरकत सरकत लोखंडी थापीने घोटू लागले; एकदा, दोनदा, आणि रात्री परत तिसऱ्यांदा. आमच्या कोकणातल्या घरी कोबा घोटणारे गवंडी असेच पाठमोरे मागे येत आणि शेवटी दाराशी स्वतःलाच बाहेर काढीत. ओतून झाल्यावरही लगेच ऊन पाणी सोडायचे नसते. सिमेंटच्या थराला निदान २१ दिवस द्यावेत आणि मग पंचवीसएक अंशांनी सुरुवात करावी, असा युरोपीय नियम आहे. मुकादमाला विचारले, इतका धीर लोक धरतात का? तो हसला आणि त्याने नकारार्थी मान हलविली. भाषांतराची गरज पडली नाही.

उलटा पाणाड्या

निघण्यास आठवडा उरला असता खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई वर आल्या. त्या एकदा आधीही आल्या होत्या, ताईच्या खलबत्त्याची तक्रार घेऊन. तेथे मजल्यांमधील स्लॅब २१० मिलिमीटर जाडीचा असावा असा कायदा असला आणि त्यावर आवाज शोषणारा थर असला, तरी सुंठ कुटण्याचा विचार त्या कायद्यात केलेला नाही. या वेळी त्यांच्या छताला ओल आली होती.

दुसऱ्या दिवशी गळती शोधणारा आला. आपल्याकडे पाणाड्या कोरड्या माळावर पाणी कोठे लागेल ते सांगतो. हा सगळीकडे पाणी असलेल्या भुईत ते नको तेथे कोठे लागले आहे ते सांगणारा. मोरीखालचे कपाट उघडून त्याने वाटपखांबाच्या चाव्या एकेक करून मिटल्या व मापकाकडे पाहत बसला. तिसऱ्या खोलीच्या वेटोळ्यावर काटा हळूहळू खाली येऊ लागला. मग त्या नळीतले पाणी काढून त्याने तिच्यात वायू भरला आणि हुंगणाऱ्या यंत्राची सोंड घेऊन गुडघ्यांवर सबंध खोली फिरला. दारापाशी यंत्र किंचाळले. तिथे त्याने दोन वितींचा चौकोन आखून तेवढाच फोडला. नळीत एक स्क्रू घुसलेला निघाला: पूर्वीच्या कोणा भाडेकऱ्याने दार अडविण्यासाठी जमिनीत खिटी बसविली होती, आणि तोच स्क्रू स्वतः पाडलेले भोक इतकी वर्षे बुजवून धरीत होता, गंजून झिजेपर्यंत. खराब तुकडा कापून त्याने जोड बसविला, दाब तपासला, माल भरला, आणि ही खोली चार दिवस बंद ठेवा असे सांगून गेला.

अडचण ताईची झाली. विरजण लागत नाही म्हणून पहिल्या आठवड्यातच तिने घरभर हात लावून पाहून भुईची सर्वांत उबदार जागा हेरली होती, ती नेमकी त्या तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी. दह्याचा डबा रोज रात्री टॉवेलात गुंडाळून तिथेच निजत असे. त्या रात्री ती बराच वेळ वाकून घरभर तळहात टेकवीत फिरली, आणि शेवटी मोरीखालचे कपाट उघडून, जिथे सगळ्या खोल्यांच्या नळ्या एकत्र येतात त्या पितळी खांबाच्या पायथ्याशी तिने डबा ठेवला व कपाट अलगद लावून घेतले.

सकाळी दही इतके घट्ट होते की डबा तिरका केला तरी ते हलले नाही.